ऑनलाइन व्यायामानं म्हातारपणीचं पडणं कमी होतं का? ‘स्टँडिंगटॉल’ चाचणीची उलटतपासणी

अमेरिकेत राहणारा माझा एक मित्र मध्यंतरी फोनवर म्हणाला, “आईला बॅलन्सचा ऑनलाइन क्लास लावून दिलाय. आठवड्यातून दोनदा. आता निदान पडायची तरी काळजी नाही.” काकू नाशिकला एकट्या राहतात, वय ७४. मागच्या वर्षी मोरीत पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं.

पुढच्या वेळी नाशिकला गेले तेव्हा मी काकूंबरोबर तो क्लास बसून पाहिला. बसून म्हणजे अक्षरशः बसून, कारण सगळा क्लास खुर्चीतच होता. मान डावीकडे, मान उजवीकडे, खांदे गोल, हात वर, तळवे एकमेकांवर दाबा, दीर्घ श्वास. फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. शिकवणाऱ्या ताईंना काकूंचा चेहरा आणि खांदे दिसत होते, पाय एकदाही दिसले नाहीत. क्लास गोड होता, काकू खूष होत्या, आणि पडणं टाळण्याशी त्याचा संबंध फार थोडा होता.

मित्राला हे सांगितल्यावर तो थोडा चिडला. “अगं, पण ऑनलाइन व्यायामानं पडणं कमी होतं हे सिद्ध झालंय ना? मी वाचलंय.” त्यानं जे वाचलं होतं ती ‘स्टँडिंगटॉल’ नावाच्या ऑस्ट्रेलियन ॲपच्या चाचणीची बातमी होती. माझ्या पीएचडीचा विषय याच परिसरातला, त्यामुळे तो शोधनिबंध मी बऱ्याच वेळा वाचलाय. चांगला आहे. पण त्याच्या नावावर जे खपवलं जातं ते त्यात नाही. आज त्याबद्दलच लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी

म्हातारपणी पडणं ही किरकोळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. अनवधानानं होणाऱ्या इजांमुळे जे मृत्यू होतात, त्यांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच नंबर लागतो.

व्यायामानं पडणं कमी होतं, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. २०१९ साली कॅथरीन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन संस्थेसाठी १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. २५ देश, २३ हजारांहून जास्त माणसं. निष्कर्ष असा की व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. गटात केलेला व्यायाम आणि घरी एकट्यानं केलेला व्यायाम यांच्या परिणामात ठळक फरक दिसला नाही. ही गोष्ट ऑनलाइनवाल्यांच्या बाजूची आहे: हॉलमध्ये जमण्यात काही जादू नसेल, तर घरच्या पडद्यासमोर का नाही जमणार?

पण त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कुठलाही व्यायाम चालत नाही. तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम कामी येतात, त्याला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तर बहुधा आणखी फायदा होतो. नुसतं चालणं पुरतं का, हे त्या आढाव्याला खात्रीनं सांगता आलं नाही. शेरिंग्टन यांच्याच गटाच्या २०१७ च्या विश्लेषणात, तोलाला खरंखुरं आव्हान देणारा आणि आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त केलेला व्यायाम असेल तिथे पडणं सुमारे ३९ टक्क्यांनी कमी दिसलं.

‘तोलाला आव्हान’ म्हणजे काय, तर तीन गोष्टी. पायांमधलं अंतर कमी करायचं, म्हणजे पाय जुळवून, मग एकापुढे एक, मग एका पायावर. शरीराचा भार हलवायचा, म्हणजे वाकायचं, वळायचं, पाऊल टाकायचं. आणि हाताचा आधार हळूहळू सोडायचा. थोडं डगमगायला झालं पाहिजे. अजिबात डगमगायला झालं नाही, तर शरीर काही शिकत नाही.

खुर्चीत बसून यातलं एकही होत नाही.

चाचणीत काय केलं

आता ‘स्टँडिंगटॉल’. सिडनीतल्या न्यूरोसायन्स रिसर्च ऑस्ट्रेलिया या संस्थेत किम डेलबेर यांच्या गटानं हे ॲप बनवलं आणि २०२१ साली चाचणीचे निकाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. सत्तरी ओलांडलेली, स्वतंत्रपणे घरी राहणारी ५०३ माणसं, सरासरी वय ७७. जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला टॅब्लेटवर तोलाच्या व्यायामाचा कार्यक्रम आणि आरोग्यविषयक माहिती, दुसऱ्याला फक्त माहिती. व्यायाम आठवड्याला दोन तासांपर्यंत वाढवत न्यायचा. प्रत्येकाच्या क्षमतेप्रमाणे पातळी ठरते आणि जमेल तशी अवघड होत जाते. फोमची गादी, पाऊल टाकायला ठोकळा अशी साधनंही होती. म्हणजे व्यायामाचा गाभा अगदी बरोबर होता. डगमगायला लावणारा होता.

आणि दोन वर्षं पाठपुरावा केला. या क्षेत्रात ही मोठी गोष्ट आहे. डिजिटल व्यायामाचे बहुसंख्य अभ्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आटोपतात.

निकाल आणि बातमी यांतलं अंतर

बातमीत आलं: ‘ॲपमुळे पडणं १६ टक्क्यांनी कमी.’ हा आकडा खोटा नाही. पण संशोधकांनी सुरुवातीलाच जाहीर केलेली मुख्य कसोटी वेगळी होती. ती होती पहिल्या १२ महिन्यांत किती वेळा पडणं झालं आणि किती माणसं पडली. तिथे व्यायाम गटात माणशी वर्षाला ०.६० वेळा पडणं झालं आणि दुसऱ्या गटात ०.७६ वेळा. एकदा तरी पडलेली माणसं अनुक्रमे ३४.६ टक्के आणि ४०.२ टक्के. कल व्यायामाच्या बाजूचा आहे, पण फरक इतका ठाम नाही की तो योगायोगानं आला नसेल असं म्हणता यावं. थोडक्यात, मुख्य कसोटीवर चाचणी उतरली नाही.

१६ टक्के हा आकडा २४ महिन्यांचा, म्हणजे दुय्यम कसोटीचा. त्याची शक्यतेची कक्षा साधारण २ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे खरा फायदा जवळजवळ नगण्यही असू शकतो आणि भरघोसही. दोन वर्षांत पडून इजा झालेल्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी होतं, हेही दुय्यमच.

लेखकांनी यातलं काहीही लपवलेलं नाही. सारांशाच्या शेवटी स्वतःच म्हटलंय की मुख्य निकालांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, मात्र दोन वर्षांत फायदा दिसला. प्रामाणिक माणसं आहेत. वाक्याचा पहिला अर्धा भाग बातमीपर्यंत पोचताना गळून पडला, एवढंच.

मग हा निकाल फेकून द्यायचा का? माझं मत: नाही. पहिल्या वर्षाचा कल आणि दोन वर्षांचा कल एकाच दिशेला आहेत. जास्त काळ मोजलं की पडण्याच्या जास्त घटना जमा होतात आणि चित्र स्पष्ट होतं, असं समजायला जागा आहे. शिवाय व्यायामाचा कार्यक्रम हळूहळू वाढवत नेणारा असल्यामुळे फायदा उशिरा दिसणं पटण्यासारखं आहे. पण ‘पटण्यासारखं’ आणि ‘सिद्ध’ यांत अंतर असतं. हे माझ्या मित्राला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही लोक कधी सरळ हो-नाही सांगत नाही.” खरंय.

एक बारकावा अजून, कारण यात पुष्कळांची गल्लत होते. दोन वर्षांत ‘पडण्याचं प्रमाण’ कमी झालं, पण ‘पडलेल्या माणसांची संख्या’ दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. हे कसं? समजा एक आजोबा वर्षात सहा वेळा पडायचे, ते आता दोनदा पडतात. प्रमाण घसरलं, पण ‘पडलेल्या माणसांत’ आजोबा आहेतच. म्हणजे असंही असू शकेल की ॲपचा फायदा मुख्यतः वारंवार पडणाऱ्यांना झाला. ते काही कमी नाही. पण ‘हे केलं की तुम्ही पडणार नाही’ असं वचन यातून देता येत नाही.

‘घरबसल्या’ म्हणजे किती घरबसल्या?

माझा दुसरा आक्षेप चाचणीवर कमी आणि तिच्या नावानं विकल्या जाणाऱ्या क्लासेसवर जास्त आहे. ‘स्टँडिंगटॉल’मध्ये नुसती लिंक पाठवलेली नव्हती. माणसं घरी आली, टॅब्लेट लावून दिला, व्यायाम सुरक्षितपणे कसा करायचा ते शिकवलं. मगच काम पडद्यावर सोपवलं गेलं.

हे काही नवीन नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी नव्वदच्या दशकात जो ‘ओटागो कार्यक्रम’ बनवला, तो या क्षेत्रातला सगळ्यात नावाजलेला घरगुती व्यायाम. घोट्याला बांधायची वजनं, आठवड्यातून तीनदा अर्धा तास ताकद आणि तोल, शिवाय चालणं. सुरुवातीला घरी मोजक्या भेटी, नंतर फोनवर विचारपूस. त्यांच्या चार चाचण्यांतल्या १,०१६ जणांची माहिती एकत्र केल्यावर पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. म्हणजे इंटरनेट घराघरांत पोचायच्या आधीचा हा कार्यक्रम मोठ्या अंशी दूरस्थच होता. पडद्याऐवजी पुस्तिका आणि फोन होता. पण सुरुवातीला कुणीतरी घरात येऊन, त्या बाईंना उभं करून, हात कधी सोडायचा हे ठरवलं होतं.

आजच्या ऑनलाइन क्लासमध्ये नेमकी हीच पहिली भेट गाळली जाते, कारण तिला खर्च येतो. आणि मग पुढचं सगळं बिघडत जातं. शिकवणाऱ्यानं तुम्हाला कधी उभं राहिलेलं पाहिलेलं नसतं. पंधरा छोट्या चौकटींत पंधरा चेहरे, कुणाचा आवाज बंद, कुणाचं चित्र अडकलेलं. त्यातला एक जण तोल जाऊन पडला, तर शिकवणारी तीनशे किलोमीटर लांब. अशा वेळी कुठलीही शहाणी बाई काय करेल? सगळ्यांना खुर्चीत बसवेल. किंवा म्हणेल, “दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरा.”

तिला दोष देता येत नाही. पण परिणाम असा होतो की सुरक्षिततेच्या नावाखाली औषधातलं औषधच काढून टाकलं जातं आणि उरतं ते सरबत. वर गोम अशी की क्लासमध्ये कुणी पडत नाही, म्हणून क्लास ‘सुरक्षित आणि यशस्वी’ ठरतो. पडणं होतं ते नंतर, मोरीत, उंबरठ्यावर, रात्री दिवा न लावता उठल्यावर. त्याची नोंद क्लासकडे नसते.

थेट व्हिडिओवर तोलाचा व्यायाम करून घेताच येत नाही असं नाही. अमेरिकेत फूझोंग ली यांच्या गटानं स्मरणशक्तीच्या तक्रारी असलेल्या ३१८ वृद्धांना २४ आठवडे घरी, थेट व्हिडिओवरून गटात व्यायाम करून घेतला. त्यातल्या दोन गटांना ताई-ची दिली होती. ताई-ची उभ्यानं, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेत करतात. म्हणजे नीट आखलं तर जमतं. पण त्या चाचणीची मुख्य कसोटी पडणं ही नव्हती. आकलनक्षमता आणि चालताना दुसरं काम करण्याची क्षमता ही होती. त्यामुळे तिच्या आधारानं ‘व्हिडिओ क्लासनं पडणं कमी होतं’ असं म्हणणं ही उडी झाली.

मोजायचं काय?

इथे या सगळ्या साहित्याचा दुखरा भाग येतो. करोनाच्या काळात आणि नंतर ऑनलाइन व्यायामावर ढीगभर लहान अभ्यास झाले. त्यांत बरेचदा मोजतात काय, तर ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, उठून तीन मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागतात, पडण्याची भीती किती वाटते, क्लास आवडला का. या चाचण्या उपयोगाच्या आहेत. पण त्या म्हणजे पडणं नव्हे.

पडणं मोजायचं तर काय करावं लागतं, यावर २००५ साली युरोपातल्या ‘प्रोफेन’ गटानं सहमती घडवून आणली होती: पडण्याची नोंद रोज ठेवायची आणि निदान महिन्याला ती गोळा करायची. कारण सहा महिन्यांनी विचारलं तर माणसं विसरतात किंवा सांगत नाहीत. आपल्याकडे तर सुनेसमोर, मुलासमोर ‘मी पडले’ म्हणायची चोरी असते, कारण मग बाहेर जाणं बंद होतं. अशा नोंदीला वेळ लागतो, पैसा लागतो, शेकड्यांनी माणसं लागतात. आठ आठवड्यांचा, तीस जणांचा अभ्यास हे करूच शकत नाही. त्यामुळे त्यानं ‘पडणं टाळण्याचा कार्यक्रम’ हे नाव लावताना तरी संकोच करावा.

आणि पडणं कमी झालं तरी गोष्ट संपत नाही. इंग्लंडमधल्या ‘प्रीफिट’ चाचणीत सत्तरीपुढच्या ९,८०३ जणांवर नुसता टपालानं सल्ला, सल्ला आणि व्यायाम, सल्ला आणि सर्वांगीण तपासणी अशी तुलना झाली. व्यायाम ओटागोवरच बेतलेला होता आणि प्रश्नावलीतून जास्त धोका दिसलेल्यांना देऊ केला होता. २०२० मध्ये निकाल आला: हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. छोट्या, काटेकोर चाचणीत चालणारी गोष्ट मोठ्या प्रमाणावर राबवली की पातळ होते, असा माझा त्यावरून समज झाला आहे. ऑनलाइन देण्यात आकर्षण नेमकं मोठ्या प्रमाणाचंच आहे, म्हणून ही चाचणी डिजिटलवाल्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवावी अशी आहे.

कोण आत, कोण बाहेर

‘स्टँडिंगटॉल’मध्ये पहिल्या वर्षअखेरीस ६८ टक्के आणि दुसऱ्या वर्षअखेरीस ५२ टक्के माणसं व्यायाम करत होती, आणि करणारी आठवड्याला जवळपास दोन तास करत होती. सत्त्याहत्तरीतल्या माणसांचा हा आकडा पाहून मला माझ्या स्वतःच्या जिमच्या वर्गणीची लाज वाटली. व्यायामामुळे कुणाला गंभीर इजाही झाली नाही.

पण ही माणसं कोण? इंग्रजी येणारी, स्वतंत्रपणे राहणारी, मुळात अशा अभ्यासात यायला तयार झालेली. मोतीबिंदूमुळे पडदा धूसर दिसणारे, ऐकू न येणारे, विसरभोळेपणा सुरू झालेले अशा चाचण्यांत फारसे येत नाहीत किंवा आले तर टिकत नाहीत. पडण्याचा धोका त्यांनाच जास्त. त्यामुळे ‘गंभीर इजा झाली नाही’ हे वाक्य तुमच्या ८५ वर्षांच्या, काठी घेऊन चालणाऱ्या आजीला जसंच्या तसं लावू नका.

आपल्याकडे आणताना आणखी एक भानगड आहे. हे कार्यक्रम खुर्ची-कमोड-पलंग अशा घरांसाठी घडले. आपल्या म्हाताऱ्या माणसांना जमिनीवरून उठायचं असतं, भारतीय पद्धतीच्या संडासात बसायचं असतं, ओल्या फरशीवरून अनवाणी जायचं असतं. भाषांतर केलं की काम झालं, असं नाही. व्यायामच थोडा वेगळा निवडावा लागेल आणि तो पुन्हा तपासावा लागेल.

मग काकूंनी काय करायचं?

मित्राला मी म्हटलं, क्लास बंद करू नकोस. काकूंना तिथे चार मैत्रिणी मिळाल्यात, त्याची किंमत आहे. पण शिकवणाऱ्यांना विचार: पहिल्यांदा घरी येऊन तपासणारं कुणी आहे का? निम्म्याहून जास्त वेळ उभ्यानं व्यायाम आहे का? दर दोन-तीन आठवड्यांनी तो अवघड होतो का? तुम्हाला पाय दिसतात का? आणि कुणी पडलं तर ते तुम्हाला कळतं का?

पाचांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं नाही. ताई मोकळ्या मनाच्या निघाल्या. म्हणाल्या, “मला भीती वाटते हो, कुणी पडलं तर काय करू.” मग नाशिकमधल्याच एका फिजिओथेरपिस्टकडून दोन घरभेटी ठरल्या. त्यांनी काकूंना स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं केलं, मागे खुर्ची ठेवली, आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग फक्त बोटं. फोन तांब्यावरून उतरून स्टूलावर गेला, आणि आता ताईंना काकूंचे पाय दिसतात. दारावरच्या शेजारणीला क्लासची वेळ माहीत आहे. शिवाय कॅलेंडरवर काकू रोज एक खूण करतात: पडले नाही तर टिकली, पडले किंवा तोल गेला तर फुली.

यानं काकू पडणार नाहीत का? मला माहीत नाही, आणि एका माणसाच्या कॅलेंडरवरून ते कधी कळणारही नाही. ‘स्टँडिंगटॉल’चं मोल मला इथे वाटतं. दूरून दिलेला, पण खरोखर डगमगायला लावणारा व्यायाम म्हातारी माणसं दोन वर्षं करू शकतात आणि त्यातून बहुधा पडणं थोडं कमी होतं, एवढं त्या चाचणीनं दाखवलं. खुर्चीतल्या क्लासबद्दल तिनं काहीच दाखवलेलं नाही.

परवा काकूंचा फोन आला होता. या महिन्यात दोन फुल्या आहेत म्हणाल्या, दोन्ही वेळा तोल गेला पण सावरलं. “एका पायावर दहा आकडे मोजून होतात आता,” असंही सांगितलं. मित्राला अजून वाटतं की मी उगाच फाटे फोडते.